कावळ्यासमोर कबूल केलेला बूट

आपली बायको वनमाला गेली हे कळलं तेव्हा गुणाजी गाडीखाली होता. मरोळच्या चाळीसमोर, पाण्याच्या टाकीला लागून, गोणपाट टाकून तो उताणा पडला होता आणि बाहेर त्याचे गुडघ्याखालचे पाय तेवढे दिसत होते. हॉस्पिटलचा फोन कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आला. तो घेतला वनमालाच्या धाकट्या भावाने, लवूने. लवू दुकानातून निघाला आणि गाडीपाशी येऊन पायांशी उभा राहिला.

"भाऊजी, बाहेर या."

"थांब रे. सापडलंय. बूट फाटलाय."

"भाऊजी, बाहेर या ना."

"उद्या तिला घरी आणायची ना? मग? तिला तो आवाज नको आहे. जरा गप उभा राहा."

लवू जरा गप उभा राहिला. मग त्याने ती बातमी गुणाजीच्या पायांना सांगितली. पाय हलले नाहीत. गाडीखालून गुणाजी म्हणाला, "तिला कळवलंस का?"  लवू खाली बसला आणि त्याने पाय धरले.

गुणाजी ग्रीसने भरलेल्या हातांनीच हॉस्पिटलात गेला. असले हात घेऊन आपण आलेलं पाहून वनमाला काय बोलली असती, एवढंच त्याला वाटेत रिक्षात ऐकू येत होतं.

गाडी म्हणजे मिनी. परदेशातली, जुनी, दोन दारांची, एवढीशी. गुणाजीने अंधेरीच्या पारशी मेहेरबाईंकडे आयुष्यभर ड्रायव्हरकी केली. मेहेरबाई कायमच्या मुलीकडे परदेशी गेल्या तेव्हा जाताना चावी त्याच्या हातावर ठेवून म्हणाल्या, "गुणाजी, एने तूज संभाळ," म्हणजे हिला तूच सांभाळ. चाळीत गाडी आली. चाळीने तिला डबा असं नाव ठेवलं. वनमाला मात्र शेवटपर्यंत तिला बाईंची गाडी म्हणत राहिली आणि बसायची मागे.

"अगो, पुढे बस. मागे जायला सीट वाकवावी लागते," गुणाजी सांगायचा.

"मेहेरबाई कुठे बसायची?"

"मागे."

"मग?"

गुणाजी सीट वाकवायचा. शिवाय ड्रायव्हरकी करून करून त्याला मागच्या माणसाशी आरशातून बोलायचीच सवय झाली होती. शेजारी कोणी बसलं की तो गप्प व्हायचा. तेव्हा वनमाला मागे बसायची, तो आरशात बघून विचारायचा, "कुठे घेऊ, बाईसाहेब?" आणि ती म्हणायची, "मेल्या, रस्त्यावर बघ."

जायचं एकच ठिकाण असायचं, मुलुंड. तिथे वनमालाची धाकटी बहीण सुगंधा राहायची. साकीनाका, पवई, भांडुप, मुलुंड, इथपर्यंत सगळं ठीक. शेवटी तिच्या चाळीच्या आवारात डावीकडे वळायचं, आणि तिथे गाडी बोलायला लागायची.

कट्, कट्, कट्, कट्.

ह्या गाडीचं इंजिन पुढच्याच चाकांना फिरवतं. इंजिनाकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाला एक सांधा असतो, माणसाच्या खांद्यासारखा, म्हणजे चाक वळलं तरी दांडा फिरत राहतो. त्या सांध्यात ग्रीस भरतात आणि वरून रबराचं घड्याघड्यांचं आवरण चढवतात, पेटीच्या भात्यासारखं. त्याला बूट म्हणतात. बूट फाटला की ग्रीस उडून जातं, धूळ आत जाते आणि सांधा वळणावर बोंब मारतो.

मुलुंडच्या चाळीला तो आवाज पाठ झाला होता. वळणावर कट् कट् झालं की वरचा मजला कठड्याला लागायचा, खालचा दारात यायचा. आणि एवढे लोक जमल्यावर वनमालाला उतरावं लागायचं. पुढची सीट वाकवायची, मग एक पाय बाहेर, मग कंबर, आणि सगळ्यात शेवटी तोंड. म्हणजे मुलुंडकरांना पाहुणी आधी पाठमोरी दिसायची, बरीच, आणि मग तोंडाने.

"एकदा," वनमाला घरी येऊन म्हणायची, "फक्त एकदा त्या चाळीत आवाज न करता गाडी वळव. मला माणसासारखी उतरू दे. मग मेले तरी चालेल."

"करू गो," गुणाजी म्हणायचा.

दहाव्याला सगळे स्मशानाजवळच्या ओट्यापाशी जमले. पिंड ठेवला. कावळा आला, भिंतीवर बसला आणि त्याने पिंडाकडे पाठ केली.

गेलेल्या माणसाचं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे राहिलेलं काय ते शोधायला सुरुवात झाली. लवू हात जोडून पुढे झाला. "ताई, भाऊजींच्या जेवणाची काळजी करू नको. ते आमच्याकडे जेवतील." कावळ्याने चोच भिंतीला घासली.

"तुझ्या बायकोच्या हातचं?" सुगंधा हळूच म्हणाली. "मग कसा शिवेल?"

"मग तू सांग ना काहीतरी!"

सुगंधा पुढे झाली. "ताई, तुझी तांब्याची कळशी माझ्याकडे आहे ती मी परत करते." कावळा तसाच. "आणि तो मोठा टोप." कावळ्याने मान वळवली. "आणि किसणी." कावळा एक उडी मागे गेला.

"अजून काय काय नेलंयस ते एकदाच सांगून टाक," लवू म्हणाला.

भटजींनी घड्याळ पाहिलं. मागे आणखी एक कुटुंब पिंड घेऊन उभं होतं. "दर्भाचा कावळा करून लावू या का?" भटजींनी विचारलं.

थोडं लांब, झाडाखाली, शिवदास उभा होता. तो गुणाजीचा शेजारी, मरोळच्या औद्योगिक वसाहतीत रबराचे साचे करणाऱ्या एका वर्कशॉपात फिटर. बौद्ध माणूस, मूळचा साताऱ्याकडचा. त्याचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, पण मित्राची बायको गेली म्हणून तो रजा टाकून आला होता आणि कोणाला अडचण नको म्हणून बाजूला उभा होता.

 गुणाजी पुढे आला, त्याने हात जोडले नाहीत, नुसता कावळ्याकडे बघून म्हणाला, "बूट बसवतो. सुगंधाच्या दारात आवाज न करता वळवतो गाडी. झालं?"

कावळा झेप घेऊन खाली आला आणि त्याने पिंडाचा एवढा मोठा घास घेतला.

सुगंधा रडायला लागली. लवू रडायला लागला. परत जाताना शिवदास गुणाजीच्या बरोबरीने चालत होता. तो म्हणाला, "त्याच्या मागून भिंतीवर मांजर आलं होतं. मी बघितलं."

"बरं."

"म्हणून उडाला तो. नाहीतर कावळ्याला गाडीतलं काय कळतं?"

"बरं म्हटलं ना."

"पण तू बोललास," शिवदास म्हणाला. "मांजर असो की नसो. चार लोकांत बोललास. आता बूट बसवायला लागणार."

बूट मिळाला तर बसवणार. फियाटचं आणि अँबॅसिडरचं इंजिन मागची चाकं फिरवतं, त्यांना हा बूट लागतच नाही. गुणाजी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे हिंडला. एकाने त्याला ट्रॅक्टरच्या गिअरवरचं रबर दाखवलं, एकाने शिलाई मशीनच्या पायाची टोपी. शेवटी शिवदासच म्हणाला, "फाटका बूट आणून दे. माप घेतो, साचा करतो. दुपारच्या सुट्टीत मशीन रिकामं असतं. शेट कुरकुर करेल, एकदा ऐकून घेईन."

गुणाजीने फाटका बूट काढला. तो हातात धरून त्याला वनमाला आठवली. तिचा नियम होता, दुरुस्तीला द्यायची वस्तू घासून पुसून द्यायची. चुलीवरचा काळा टोप कल्हईवाल्याला द्यायचा तर आधी राखेने लख्ख घासायची, आणि कल्हईवाला म्हणायचा, बाई, मग माझ्याकडे आणलाच कशाला? फाटकी छत्री साबणाने धुऊन, वाळवून मग छत्रीवाल्याकडे. असला ग्रीसने माखलेला बूट दुसऱ्याच्या हातात दिलेला तिला चालला नसता. म्हणून गुणाजीने जुन्या डब्यात रॉकेल ओतलं आणि बूट त्यात बुडवून रात्रभर ठेवला. सकाळी फडक्याने पुसला, वर्तमानपत्रात बांधला आणि शिवदासला दिला. इतका स्वच्छ की शिवदासने वास घेऊन विचारलं, "अगरबत्ती लावलीस की काय ह्याला?"

नवा बूट तयार झाला. काळाभोर, चकचकीत, घडी न् घडी मोजून घ्यावी असा. शिवदास तो फडक्यात गुंडाळून घेऊन आला. निम्मी चाळ बघायला आली. गुणाजी गाडीखाली गेला. आतून काही वेळ नुसती धडपड ऐकू आली.

"बसला?" शिवदासने विचारलं.

"बसला," आतून आवाज आला. "आणि निघाला."

"म्हणजे?"

"म्हणजे बसतो आणि निघतो. बाळाच्या पायात बापाची चप्पल घातल्यासारखं होतंय."

"शक्य नाही! कॅलिपर लावून माप घेतलंय मी."

"कोणाचं घेतलंस? बेस्टच्या बसचं?"

शिवदास लाल झाला. त्याने पिशवीतून जुना बूट काढला, नवा शेजारी ठेवला. जुना लहान होता. सगळ्यांना दिसेल एवढा लहान. शिवदास कधी ह्याच्याकडे बघे, कधी त्याच्याकडे. "मी मोजला तेव्हा हा मोठा होता," तो म्हणाला.

"बूट काय रात्री फुगतात आणि सकाळी उतरतात?"

शिवदासने जुना बूट नाकाशी नेला, आणि एकदम शांत झाला. अशी शांतता त्याला फार राग आला की यायची. "गुणाजी, हा तू कशात धुतलास?"

"रॉकेलमध्ये."

"किती वेळ?"

"रात्रभर. चांगला स्वच्छ व्हावा म्हणून."

"अरे रबर रॉकेलमध्ये ठेवलं तर फुगतं, बाबा! मी फुगलेल्याचं माप घेतलं. मग तो वाळला आणि आला आपल्या मूळ मापावर! तुला कोणी सांगितलं धुवायला?"

गुणाजी हातातल्या फडक्याची घडी घालायला लागला. शिवदासने त्याच्याकडे बघितलं, आणि कोणी सांगितलं असेल ते त्याला कळलं. "आणि मला वास आला होता," तो म्हणाला. "वास घेऊनसुद्धा मी मोजला. सोड. दुसरा साचा शेट करू देणार नाही. हाच बसवायचा."

झालं. बूट सैल आहे ही बातमी चाळभर झाली आणि प्रत्येक बिऱ्हाडातून काही ना काही खाली आलं. कोणी कुकरची रिंग आणली. कोणी लोणच्याच्या बरणीचं रबर. तिसऱ्या खोलीतली रत्नप्रभा, जिला कोणत्याही कामात आपलं काहीतरी लागावं असं वाटायचं, तिने लेंग्याची नाडी आणली. लवूने फुगा आणला.

"फुगा कशाला रे?"

"आतून फुगवला की बूट गच्च बसेल."

"आणि हवा कोण भरणार? तू बसणार चाकापाशी?" शिवदास म्हणाला. "आईने तुला दूध पाजलं की रॉकेल?"

शेवटी सायकलची जुनी ट्यूब कामाला आली. शिवदासने तिची पट्टी कापली, दांड्यावर रबराच्या सोल्यूशनने चिकटवत वेढे दिले, वेढे घट्ट झाल्यावर त्यावर बूट चढवला. बुटाच्या दुसऱ्या, मोठ्या तोंडाकडे, सांध्यावर, तसंच. मग दोन्हीकडे तार गुंडाळून पक्कडीने पीळ दिला आणि पिळाची टोकं आत वाकवली, कुठे घासू नयेत म्हणून. आत नवं ग्रीस भरलं. गुणाजी बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावर दात सोडून पांढरं काही नव्हतं.

गाडी काढली. वसाहतीच्या मोकळ्या मैदानात नेली. पहिल्याच वळणाला सगळ्यांनी कान दिले.

कट्, कट्, कट्, कट्.

शिवदास खाली उतरून चाकापाशी बसला. बूट जागेवर होता. ग्रीसचा एक थेंब बाहेर नव्हता. "माझा बूट ठीक आहे," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात इतकं समाधान होतं की लवूला राहवलं नाही.

"ऑपरेशन झकास आणि पेशंट तसाच!"

बोलल्यावर त्याने जीभ चावली. 

बूट फाटका होता तेवढी वर्षं सांध्यात धूळ जात होती, तिने जे खायचं ते खाऊन झालं होतं. आतल्या लोखंडी गोळ्या ज्या खाचांतून फिरतात त्या खाचाच झिजल्या होत्या. नवा सांधा मुंबईत मिळत नव्हता. गुणाजीने गाडी आणून टाकीपाशी लावली. टाकी आणि भिंत यांच्यामध्ये गाडीएवढीच जागा होती, त्यामुळे तिथे गाडी नेहमी बंद करून दोघांनी मागे ढकलत न्यायची. त्या दिवशी लवूने एकट्यानेच ढकलली.

पुढे बरेच दिवस गुणाजीने गाडीकडे पाहिलं नाही. सुगंधाचा निरोप यायचा, भाऊजी कधी येताय? तो कळवायचा, येतो. बसने जाऊन यायला काही हरकत नव्हती. पण मग कावळ्याला काय सांगणार? आणि कावळा सोडा, तो तर मांजराला भिऊन उडाला असेल. करू गो, करू गो, म्हणून वर्षानुवर्षं टाळलं ते कोणाला, हे गुणाजीला चांगलं माहीत होतं.

एका रविवारी तो धुणं वाळत घालत होता. चादर दोरीवर टाकली आणि तिच्या मधोमध जाणारी उभी शिवण त्याच्या हाताला लागली. चादर अंगाखाली येऊन येऊन मधे विरली की वनमाला ती उभी कापायची, दोन्ही बाजूच्या कडा मधे आणून शिवायची आणि विरलेला भाग कडेला घेऊन गादीखाली खोचायची. कोरा भाग मधे. मधली शिवण पाठीला टोचते म्हणून गुणाजी दर वेळी कुरकुरायचा. चादर मात्र आणखी काही वर्षं चालायची.

गुणाजी दोरीपाशी उभा राहिला. मग बाकीचं धुणं बादलीत तसंच टाकून त्याने शिवदासच्या खिडकीवर थाप मारली.

"शिवा, खाचा एकाच बाजूने झिजल्यात!"

"कसल्या खाचा? रविवार आहे यार."

"सांध्याच्या! गाडी पुढे जाताना जोर एकाच अंगाला येतो. तेच अंग झिजलंय. दुसरं कोरं आहे. डावीकडचा सांधा उजवीकडे घातला आणि उजवीकडचा डावीकडे, तर जोर कोऱ्या अंगाला येणार."

शिवदास बनियनवर बाहेर आला. त्याने हवेत दोन्ही हातांनी दांडे धरले, ते उलटेपालटे फिरवले, डोळे मिटले, उघडले. "होतं रे," तो म्हणाला. "कुठे वाचलंस?"

"चादरीत," गुणाजी म्हणाला आणि पाने-पक्कड आणायला गेला.

त्या रविवारी सांध्यांची अदलाबदल झाली. सैल बुटाला पुन्हा ट्यूब, सोल्यूशन, तार. मग मैदान. डावीकडे वळवली, आवाज नाही. उजवीकडे वळवली, नाही. गुणाजीने मैदानाला इतके फेरे मारले की पहारेकरी विचारायला आला, शिकताय काय?

मुलुंडला निरोप गेला. पुढच्या रविवारी गाडी निघाली. लवू पुढे बसला. शिवदास म्हणाला, बूट माझा आहे, मी येणार. तो मागे बसला. बसला म्हणजे सीट वाकवून त्याला आत भरला. चांगला धिप्पाड माणूस. पवईला गुणाजीने सवयीने आरशात पाहिलं तर आरसाभर शिवदास.

"काय बघतोस?"

"काही नाही. रस्त्यावर बघतोय."

मुलुंड आलं. चाळीचं वळण आलं. तिघांनीही श्वास धरला. गुणाजीने स्टिअरिंग डावीकडे घेतलं, आणि गाडी लोण्यातून सुरी जावी तशी आवारात शिरली. एक आवाज नाही. एका भिंतीवर वाळत घातलेल्या पापडांवरची चिमणीसुद्धा उडाली नाही. सुगंधाच्या दारावरून थोडी पुढे जाऊन गाडी थांबली.

कोणी आलं नाही.

वरचा मजला रिकामा. खालची दारं लोटलेली. रेडिओ चालू होता कुठेतरी. गाडीतले तिघे बसून राहिले. एवढं करून आलो आणि बघायला कोणी नाही! लवूने हॉर्नकडे हात नेला आणि गुणाजीने त्यावर चापट मारली.

"तिला असंच हवं होतं ना?" शिवदास मागून म्हणाला. "मग झालं की. उतरू दे मला, पाय गेले."

"दार मागे राहिलं. मागे घेतो जरा," गुणाजी म्हणाला. त्याने रिव्हर्स टाकला.

कट्! कट्! कट्! कट्! कट्!

पूर्वी कधी नव्हता एवढा. गाडी मागे जाताना जोर पुन्हा त्याच झिजलेल्या अंगावर आला होता. मैदानात फेरे झाले, डावीकडे झाले, उजवीकडे झाले, पण तिघांपैकी कोणी गाडी मागे घेऊन बघितलीच नव्हती. मरोळला ती ढकलून लावायची सवय!

दारं उघडली. वरचा मजला कठड्याला लागला. सुगंधा एका हातात भाकरतुकडा आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन धावत बाहेर आली. "आली गो बाय, ताई आली..." एवढं तोंडातून गेलं आणि ती पायरीवरच थांबली.

लवू उतरला. सवयीने त्याने पुढची सीट वाकवली. सगळी चाळ नेहमीप्रमाणे बघत राहिली. आतून एक पाय आला. मग शिवदासची कंबर आली, पाठमोरी, आणि दारात अडकली. "लवू, ओढ," आतून आवाज आला. "अरे खाली नको, बाहेर ओढ!"

वरच्या मजल्यावर कोणीतरी फिस्सकन हसलं. सुगंधाने पदर तोंडाला लावला, मग डोळ्यांना, मग परत तोंडाला. तिला काय होतंय ते तिलाच कळत नव्हतं. शेवटी तिने शिवदासवरूनच भाकरतुकडा ओवाळला आणि टाकून दिला.

"मला कशाला?" शिवदास शर्ट खोचत म्हणाला. "माझा विश्वास नाही ह्यावर."

"राहू दे. मागच्या सीटवरून उतरेल त्याला ओवाळायचं असतं," सुगंधा म्हणाली.

चहा झाला. सुगंधाने कळशी, टोप आणि किसणी पिशवीत भरून दाराशी आणून ठेवली. "आवाज आला तेव्हा कळलं मला, भाऊजी," ती म्हणाली. "नाहीतर तुम्ही येऊन गेला असता तरी कळलं नसतं. मी केव्हाची कान लावून बसले होते."

गुणाजी बशीतला चहा बघत होता. त्याने शिवदासला विचारलं, "शिवा, मी तिथे काय बोललो होतो?"

"आवाज न करता वळवतो, असं बोललास."

"रिव्हर्सचं काही बोललो होतो?"

"नाही."

"मग कावळ्याला काही म्हणता येणार नाही."

"कावळ्याला नाही," शिवदास म्हणाला. "मांजराचं माहीत नाही."

निघताना सगळी चाळ आवारात उभी होती. गाडी वळवायला जागा नव्हती, म्हणून गुणाजीने ती रस्त्यापर्यंत तशीच मागे घेत नेली, आणि ती सगळा वेळ बोलत होती. सुगंधा आवाज थांबेपर्यंत पायरीवर उभी राहिली.

आता शिवदासचा बूट पक्का बसला आहे. गाडी पुढे जाताना कुठेही वळली तरी आवाज करत नाही. मागे घेताना मात्र बोलते, आणि मुलुंडला ती मागे घ्यावीच लागते. सांधा नवा घालायला हवा, तो अजून घातलेला नाही.